‘बरा आसा’ म्हणून गप्प राहू नका : कॅन्सरसोबत जगताना घरी काय करायचं

कोकणातल्या कॅन्सरच्या पेशंटचा क्रम साधारण ठरलेला असतो. कुणी परळच्या टाटाला नाहीतर खारघरला जातं, कुणी डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात. सिंधुदुर्गातले बरेच जण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात, काही कोल्हापूरला. तीन आठवड्यांतून एकदा केमो असते, त्या दिवशी डॉक्टर दहा मिनिटं भेटतात आणि बाकीचे वीस दिवस घरी जातात. दुखणं, मळमळ, तोंडातले फोड, न लागणारी झोप, बधिर पाय हे सगळं त्या वीस दिवसांत होतं. यातल्या बहुतेक त्रासांवर उपाय आहेत, आणि बरेचसे स्वस्त आहेत. पण डॉक्टरांनी “कसं काय?” विचारलं की आपलं माणूस “बरा आसा” म्हणतं आणि पुढचा नंबर पुकारला जातो.

काकीला गालाचा कॅन्सर झाला तेव्हापासून मी या कामात आहे. कुडाळ-मालवण भागात अशा घरांमध्ये जाते, गोळ्यांचा हिशोब लावून देते, मुंबईचे कागद भरून देते. आजार बरा होणारा असो वा नसो, आजचा दिवस बऱ्यापैकी जावा यासाठी घरातून काय काय करता येतं ते इथे सांगते. औषधाचं नाव आणि मात्रा मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

पहिलं काम : एक वही

शंभर पानी साधी वही घ्या. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला पाच मिनिटं त्यात लिहायचं. दुखणं, थकवा, मळमळ, धाप आणि मनाची उदासी यांना ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन होण्यापलीकडे. आकडा पेशंटने सांगायचा, घरच्यांनी अंदाजाने घालायचा नाही. सोबत काय खाल्लं, शौचाला झालं का, झोप किती लागली, ताप किती होता हेही लिहायचं. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. एका घरातल्या वहीचं पान असं होतं :

“सोमवार. दुखणं सकाळी ३, रात्री ७. दोनदा उठली. पेज दोन वाट्या, अंडं एक. उलटी नाही. शौचाला तिसरा दिवस. ताप ९८.४. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना मध्ये बसावं लागलं.”

एवढं पुरे. ही चार ओळींची नोंद वाचून डॉक्टरांना दिसतं की रात्रीचा डोस कमी पडतोय, बद्धकोष्ठ झालंय आणि हिमोग्लोबिन तपासायला हवं.

अशा नोंदींचा उपयोग अभ्यासातूनही दिसला आहे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात काही पेशंटना आपली लक्षणं घरून नियमित कळवायला सांगितली. लक्षण वाढलं की नर्सला सूचना जायची. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्षणं कळवणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१ महिने निघालं, नेहमीच्या पद्धतीने तपासणीला येणाऱ्यांचं २६. कुठलंही नवीन औषध दिलेलं नव्हतं. त्रास वेळेवर कळला आणि वेळेवर हाताळला गेला, एवढाच फरक होता.

वहीच्या पहिल्या पानावर आणखी एक गोष्ट लिहा : पेशंटला काय करता यायला हवंय. जगभर वापरली जाणारी तीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, क्यूएलक्यू-सी३०. तिच्यात दुखण्याबरोबर हेही विचारतात की चालता येतं का, घरच्यांत मिसळता येतं का, पैशाची ओढाताण झाली का. आपल्याकडे हे प्रश्न वेगळ्या भाषेत येतात. गणपतीत आरतीला उभं राहायचं असतं, लावणीच्या दिवसांत बांधावर बसून पोरांना सूचना द्यायच्या असतात. हे डॉक्टरांना सांगायचं असतं, पण आपण संकोचतो. केमोची तारीख चतुर्थीवर येत असेल तर आधीच विचारा. एखाद-दोन दिवस पुढेमागे करता येतील का ते तेच सांगतील. रेडिएशनमध्ये मात्र मधले दिवस बुडवू नका. तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये खंड पडला की उपचाराचा परिणाम घटतो.

थांबायचं नाही अशी लक्षणं

घरात चांगला डिजिटल थर्मामीटर हवाच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला की रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही; गोळीने ताप उतरतो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. अशा तापात पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवं, इतकी घाई असते.

आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. पावसाळ्यात लेप्टो (चिखलपाण्यातून होणारा ताप) असतो, आणि दोडामार्गकडे २०१६ पासून माकडतापही (गोचिडीतून होणारा) दिसतो. गावातले डॉक्टर तापाच्या पेशंटला त्या अंगाने बघणार, ते बरोबरच आहे. म्हणून आत शिरताच पहिलं वाक्य हे बोला : “केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली.” ते ऐकलं की रक्त तपासायचा क्रम बदलतो. केमो चालू असताना शेतातल्या चिखलात अनवाणी उतरणं बंद, पायाला जखम असेल तर घरामागच्या वहाळातसुद्धा नाही.

तापाशिवाय काही लक्षणांत त्याच दिवशी फोन करायचा : न थांबणारं रक्त, बसल्या जागी लागणारी धाप, चोवीस तास पोटात काहीच न टिकणं, अचानक भ्रम. पाठीत नवीन दुखायला लागून पाय लुळे वाटू लागले किंवा लघवी अडली तर तासांचा हिशोब धरा, कारण मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. वेळेवर रेडिएशन किंवा ऑपरेशन झालं तर पाय वाचतात.

कुठल्या दवाखान्यात जायचं, रात्री गाडी कुणाची मिळेल, १०८ ची ॲम्ब्युलन्स वाडीत कुठपर्यंत येते हे आजच ठरवा आणि कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. खाली फाईलचा नंबर, चालू औषधं आणि रुग्णालयातल्या तुमच्या युनिटचा फोन लिहा. वाडी रस्त्यापासून खाली असेल तर खुर्चीवरून उचलून नेणारे चार जण कोण, हेही बोलून ठेवा.

वेदना : इथे सोसण्याला जागा नाही

काकी रात्री स्वयंपाकघरातल्या भिंतीला गाल टेकून बसायची. भिंत गार लागते म्हणून. कुणी उठून आलं की म्हणायची, “दुखता, पण सांगान काय होतला?” तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांसमोर हसून “बरा आसा, देवाक काळजी” म्हणाली. वहिनीने वही उघडून पुढे ठेवली. रात्रीच्या रकान्यात ओळीने सात, आठ, आठ होते. डॉक्टरांनी फाईल बाजूला सारली, काकीला जवळ बसवून नीट विचारलं आणि गोळ्या बदलल्या. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा सलग झोपली. गाठ होती तेवढीच होती, पण ती पुन्हा अंगणात यायला लागली, शेजारणींशी बोलायला लागली.

वेदनेच्या औषधांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच मांडली. त्यात पायऱ्या आहेत : आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मग ट्रामाडॉलसारखी मधली, मग मॉर्फिन. पायरी ठरते दुखण्याच्या जोरावर. मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट आला, असं आपल्याकडे सर्रास समजतात. ते चूक आहे. मॉर्फिन घेत घेत माणसं उपचार पूर्ण करतात, पुढे दुखणं कमी झालं की डॉक्टर ते हळूहळू उतरवून बंदही करतात.

औषध घड्याळाप्रमाणे घ्यायचं. साधं मॉर्फिन साधारण दर चार तासांनी असतं. दुखेपर्यंत थांबलात तर आधीची गोळी उतरलेली असते आणि नव्या गोळीला दुखण्याच्या मागे धावावं लागतं. मोबाईलमध्ये गजर लावा. मधेच दुखणं उसळलं तर किती जादा घ्यायचं, तेही लिहून मागा.

व्यसन लागेल ही भीती सगळ्यांत जास्त घरच्यांना असते. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं क्वचितच घडतं. सुरुवातीचे काही दिवस गुंगी येते, मळमळतं, ते बहुतेकांना आपोआप कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या चिठ्ठीवरच रेचक लिहिलेलं हवं. नसेल तर मागा. शौचाला तीन दिवस झालं नाही तर कळवा. गोळ्या घेणं सोडलेल्या घरी चौकशी केली की बहुतेक वेळा कारण पोट साफ न होणं हेच निघतं, आणि ते कुणी आधी सांगितलेलंच नसतं.

थोडं व्यवहाराचं. मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणं फार किचकट झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना ठेवणं सोपं झालं, तरी तालुक्याच्या ठिकाणी ते असेलच असं नाही. परतीची गाडी पकडण्याआधी गोळ्या मोजा आणि पुढच्या तारखेपर्यंतच्या घ्या, वर आठवड्याच्या जास्त मागा. गाड्या रद्द होतात, दरड कोसळते. बारा तास चालणाऱ्या गोळ्या चुरून देऊ नका, सगळं औषध एकदम अंगात उतरतं. नाकातल्या नळीतून औषध जात असेल तर डॉक्टरांना सांगून द्रवरूप मागा. चामडीवर दुखणं थांबवणाऱ्या फेंटानिलची पट्टी असेल तर त्यावर शेकू नका. उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. आणि पाठ दुखते म्हणून शेजाऱ्याकडची डायक्लोफिनॅक केमोच्या काळात अजिबात नको. मूत्रपिंडाला ती धोक्याची, आणि रक्तस्रावही होऊ शकतो.

आग होणं, मुंग्या, विजेसारखी कळ हे मज्जातंतूंचं दुखणं असतं आणि त्याची औषधं वेगळी. हाड दुखत असेल तर रेडिएशनचा एकच डोससुद्धा अनेकांना आराम देतो. दोन्हींबद्दल विचारा.

तोंड आणि ताट

तंबाखू, गुटखा, मशेरी यांमुळे आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर खूप. त्या पेशंटचं सगळं जगणं तोंडाभोवती फिरतं, म्हणून इथे जरा सविस्तर.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घाला. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, या पाण्याने हलक्या चुळा भरा. पाणी रोज नवं. ब्रश लहान मुलांचा, मऊ. बाजारातले झोंबणारे माउथवॉश नकोत, मशेरी तर नाहीच. फोड इतके आले की पाणी गिळवत नाही, तर जेवणाआधी लावायचं बधिर करणारं औषध मिळतं. जीभेवर पांढरी साय दिसली तर ती बुरशी असू शकते, दाखवा. रेडिएशन झाल्यावर त्या बाजूचा दात परस्पर काढून घेऊ नका. जबड्याचं हाड बरं होत नाही. दातांच्या डॉक्टरांना रेडिएशनचं आधी सांगा. तोंड उघडण्याचा व्यायाम दिला असेल तर तो उपचार संपल्यावरही चालूच ठेवायचा, नाहीतर जबडा आवळत जातो.

खाण्याच्या बाबतीत कोकणातलं स्वयंपाकघर या आजाराला फार सोयीचं आहे. उकड्या तांदळाची पेज, तूप घालून. नाचणीचं सत्त्व दुधात. कुळथाची पिठी, पण मिरची-आमसूल न घालता, पातळ. वाफवलेला मासा, काटे काढून, नारळाच्या रसात कुस्करून. अंड्याचं पातळ कस्टर्ड. शहाळं चालतं, पण त्यात ताकद फारशी नाही. शहाळ्यावर दिवस काढणारे पेशंट वजन गमावतात. नुसती पेजही तशीच. म्हणून प्रत्येक वाटीत काहीतरी घाला : तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट, दूध पावडर, मुगाचं वरण. तीन जेवणांऐवजी दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. केमोच्या काळात मळमळ होते तेव्हा फोडणीचा वास सोसत नाही. मागच्या पडवीत शिजवा आणि ताट कोमट झाल्यावर द्या.

सोलकढी आणि कोकम फोडांना झोंबतं. फोड गेल्यावर खुशाल प्या. हापूसबद्दल दर मे महिन्यात विचारतात : मधुमेह नसेल तर स्वच्छ धुऊन, साल काढून आंबा चालतो. गोड खाल्लं की गाठ वाढते हे खरं नाही. साखर बंद करून माणूस अशक्त करून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत आणि दर वेळी जीव तुटतो. पांढऱ्या पेशी कमी असताना कालवं, तिसऱ्या, खेकडे अर्धवट शिजवलेले नकोत. विहिरीचं पाणी उकळूनच.

नाकातून नळी असेल तर भरवताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा आणि नंतरही तासभर आडवं होऊ देऊ नका. मिश्रण मिक्सरमधून काढून गाळून घ्या. आधी आणि नंतर तीसेक मिली पाणी सोडा, म्हणजे नळी तुंबत नाही. नळीवरची खूण सरकलेली दिसली तर काहीही न घालता दवाखान्यात जा.

गुळवेल, पपईच्या पानांचा रस, गोमूत्र, कुणी सांगितलेली पुडी. प्रेमापोटीच देतात. पण गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि केमोची कितीतरी औषधं लिव्हरमधूनच जातात. काही द्यायचंच असेल तर डॉक्टरांना नाव सांगून द्या. लपवू नका.

थकवा, हात आणि पाय

कॅन्सरचा थकवा झोपेने जात नाही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, दुखणं आणि झोप तपासून घ्या. त्यानंतर सगळ्यांत चांगला पुरावा चालण्याचा आहे. ऐकायला उलट वाटतं. अंगणात पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, मग हळूहळू वाढवत न्यायचं. सकाळी ताकद असते तेव्हा पेशंटला आवडीचं काम करू द्या. आंघोळीतच सगळी शक्ती जात असेल तर न्हाणीघरात स्टूल ठेवा.

पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिनसारख्या केमोच्या औषधांनी तळवे बधिर होतात. जांभ्या दगडाच्या पाखाडीवर अनवाणी चालताना लागलेलं मग कळतच नाही. घरातही चप्पल घाला आणि रात्री तळपाय बघून घ्या. बधिरपणा वाढत असेल तर पुढच्या केमोआधी सांगा, डोस कमी करता येतो. नंतर सांगितलं तर काही वेळा तो कायमचा राहतो. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गार पाणी आणि फ्रीजच्या वस्तू टाळा.

स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो. तो हात बांधून ठेवू नका, शिकवलेले व्यायाम करा, त्या हाताने उचलायचं वजन हळूहळू वाढवा. जखमा मात्र टाळा. काजूच्या मोसमात बिया फोडताना टरफलाच्या तेलाने कातडी भाजते. त्या हाताला हातमोजा हवाच, किंवा ते काम सुनेकडे द्या. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात

जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पेशंट असलेल्या घराने हे गृहीत धरून चालायचं. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली तर ते मोठ्या थर्मासमध्ये बर्फासोबत ठेवा, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं की वाया जातं. जवळच्या मेडिकलवाल्याकडे जनरेटर असेल तर तिथेच ठेवून लागेल तेव्हा आणणं सगळ्यांत बरं. ऑक्सिजनचं मशीन असेल तर सिलिंडर भरून ठेवा.

पोटावर शौचाची किंवा लघवीची पिशवी असेल तर दमट हवेत तिच्या कडेची कातडी ओली राहून सोलवटते. बदलताना कातडी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकू द्या आणि भोक मापानेच कापा. स्वरयंत्र काढून गळ्याला छिद्र ठेवलं असेल त्यांनी त्यावर सुती कापड ठेवावं, आंघोळीत छिद्राच्या वर पाणी घेऊ नये, आणि खाडीत, समुद्रात कधीच उतरू नये. होडीवर काम करणाऱ्या माणसाला हे सांगणं जड जातं, पण जाळी विणणं, मासळीचा हिशोब अशी किनाऱ्यावरची कामं शोधून द्यावीत.

हाताला पीआयसीसी लाईन (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली लांब नळी) असेल तर पट्टी आठवड्याला बदलायची, ओली झाली तर लगेच. गावातल्या नर्सताईंना एकदा रुग्णालयात शिकवून घ्यायची विनंती करा. केमोनंतरचे दोन दिवस पेशंटची उलटी, लघवी, ओले कपडे हाताळताना हातमोजे घाला.

प्रवास आणि पैसा

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना-येताना सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयातून ठरावीक नमुन्याचा दाखला भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवरच काढायचं. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात आरक्षण मिळत नाही, म्हणून पुढची तारीख कळली की त्याच दिवशी काढा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरील सगळ्यांना मोफत, आणि कॅन्सरच्या पेशंटसाठीची सवलत आगारात विचारा.

मुंबईत राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, टाटाचं बांद्र्याचं बोर्जेस होम आहे. टाटातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत महिनाभर संकोचून राहण्यापेक्षा पेशंटला तिथे बरं वाटतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. उपचाराची मंजुरी आधी घ्यावी लागते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, गाठा. हेल्पलाईन १५५३८८. कमावतं माणूसच आजारी असेल आणि उत्पन्न अगदी तुटपुंजं असेल तर संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा समावेश आहे, महिना १५०० रुपये, अर्ज तहसीलला. आणि जमीन विकायची वेळ आलीच तर त्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा : या उपचाराने किती फायदा होईल, आणि नाही केला तर काय? हे विचारायला लाजू नका.

मन आणि घरातलं बोलणं

“बाबांना काही सांगू नका, ते खचतील.” दर दुसऱ्या घरात हे वाक्य असतं. बाबांना बहुतेक सगळं कळलेलं असतं. गळणारे केस, टाटाची पाटी, दारामागची कुजबुज. न सांगितल्यामुळे ते एकटे पडतात, एवढंच. एका शांत दुपारी विचारा, “बाबा, तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?” ते म्हणाले “तूच बघ”, तर तो त्यांचा निर्णय. विचारायला लागले तर खरं सांगा, एका वेळी थोडं.

दोन आठवडे सतत उदास, कशातच रस नाही, मरणाचं बोलणं असेल तर तेही वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. यावर औषध आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

कॅन्सर ताटातून, पाण्यातून, मिठीतून पसरत नाही. वेगळी भांडी काढू नका. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कुणी बोलत नाही, पण गर्भाशयमुखाच्या रेडिएशननंतर योनी आवळते आणि त्यासाठी डायलेटरचा (योनी सैल ठेवणारी गुळगुळीत नळी) व्यायाम शिकवतात. नर्सला एकांतात विचारा.

सांभाळणारीकडेही बघा. बहुधा ती सून किंवा बायको असते. आठवड्यातून एक दुपार कुणीतरी बसायला यावं आणि तिने झोपावं किंवा बाजारात जावं. “काही लागलं तर सांगा” असं म्हणण्यापेक्षा “गुरुवारी मी येतो” म्हणा.

पॅलिएटिव्ह केअर लवकर मागा

त्रास कमी करणारी ही शाखा शेवटच्या आठवड्यासाठी आहे असं समजून लोक टाळतात. २०१० मध्ये बोस्टनमधल्या अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटना निदानानंतर लगेच ही सेवा दिली. त्यांचं मन आणि जगणं तर सुधारलंच, शिवाय ते जास्त जगलेही : सुमारे साडेअकरा महिने, बाकीचे सुमारे नऊ. म्हणून पहिल्या भेटीतच विचारा की या रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभाग कुठे आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. फोनवर सल्ला मिळत असेल तर तो नंबर दारावरच्या कागदावर जाऊ द्या.

आजार आटोक्याबाहेर गेला की बहुतेकांना आपल्या घरात, आपल्या माणसांत राहायचं असतं. ते शक्य होण्यासाठी तयारी लागते. पॅलिएटिव्ह डॉक्टरांकडून दुखणं, धाप, घशातली घरघर आणि अस्वस्थता यांसाठीची औषधं मात्रेसह लिहून घेऊन एका डब्यात ठेवा. गिळता येत नसेल तेव्हा कुठलं औषध जिभेखाली किंवा चामडीखाली द्यायचं, ते घरातल्या दोघांनी शिकून घ्या. व्हेंटिलेटर नको असेल तर पेशंटला शुद्धीत असताना ते लेखी करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. भूक मावळली की बळजबरीने भरवू नका, ओठ ओले ठेवा, कूस बदलत राहा. घरात बरंच करूनही धाप किंवा दुखणं आवरत नसेल तर हॉस्पिसचा, म्हणजे शेवटच्या काळात त्रास कमी ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेचा, पर्याय आहे. बांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, त्यांची शाखा गोव्यातही आहे. आणि गावातल्या डॉक्टरांना आधीच भेटून ठेवा, फाईल दाखवा, म्हणजे रात्री-अपरात्री बोलावलं तर ते येतील आणि मृत्यूचा दाखला देताना घरच्यांची धावपळ होणार नाही.